समता कक्षात बसल्यावर पहिली नोंदवही कोणती उघडायची?

पत्राचा आशय: कोल्हापूर परिसरातल्या एका नागरी संस्थेत काम करणाऱ्या अधिकारी भगिनींचं हे पत्र आहे. नोकरीला चौदा वर्षं झाली. सात महिन्यांपूर्वी एका कार्यालयीन आदेशाने नव्या 'समता कक्षा'चा पदभार त्यांच्याकडे आला. दिव्यांग, महिला, मागासवर्गीय, तृतीयपंथी, सफाई कामगार, फेरीवाले, कुणाचीही भेदभावाची तक्रार आली की ती या कक्षाकडे वळते. हाताखाली एकच लिपिक, तोही अर्धा दिवस जन्म-मृत्यू नोंदणीच्या कामात. स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात खर्चाची वेगळी तरतूद, नाही. विभागप्रमुख बैठकीला येत नाहीत, आले तर म्हणतात, "म्याडम, हितं कुठं आलाय भेदभाव? शाहूंची नगरी हाय ही." कृती समितीचे कार्यकर्ते उलट विचारतात, "तुम्ही आमच्या की त्यांच्या?" पावसाळ्याआधी एका सकाळी त्यांनी ठेकेदाराचे दोन कामगार ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरलेले पाहिले. वरिष्ठ म्हणाले, "तोंडी सांगून मिटवा, कागदावर आणू नका." कुणाला इजा झाली नाही, पण तेव्हापासून त्यांना झोप नाही. परदेशातल्या शहरांत असतो तसा अधिकार असलेला हक्क विभाग मागावा, की सरळ बदली मागावी, असं त्या विचारतात.

ताई,

तुमच्या पत्रातले बाकीचे प्रश्न थोडे थांबू शकतात, चेंबरचा नाही. म्हणून आधी त्याचंच बोलू.

तुम्हाला वाटतंय की एका बाजूला कागद आहे आणि दुसऱ्या बाजूला कार्यालयातले संबंध, आणि दोन्हींतलं एक निवडायचं आहे. या एका बाबतीत तशी निवड तुमच्या हातात नाही. हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या अधिनियमाचं कलम ७ सांगतं की कोणत्याही व्यक्तीने, स्थानिक संस्थेने किंवा एजन्सीने गटाराच्या वा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावायचा नाही, थेटही नाही आणि ठेकेदाराआडूनही नाही. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झाल्यास ३० लाख आणि कायमचं अपंगत्व आल्यास किमान २० लाख रुपये भरपाई ठरवली आहे. 'माणूस ठेकेदाराचा होता' एवढं म्हणून यातून सुटता येत नाही.

कुणाला इजा झाली नाही हे खरं, पण त्यावर विसंबू नका. चेंबरमधला हायड्रोजन सल्फाइड सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास देतो. प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो. वास येईनासा झाला की वर उभा असलेला मुकादम म्हणतो, "आता गेला गॅस, उतर." खरा धोका तिथेच असतो. खालचा माणूस कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा दुर्घटनांत एकाच चेंबरमध्ये दोन-तीन जण जातात ते याच कारणाने.

म्हणून टिपणी आजच लिहा. घटनेला दोन महिने झाले असतील तर तसंच लिहा, मागची तारीख घालू नका. आजची तारीख, घटनेची खरी तारीख, आणि मध्ये तोंडी कळवलं होतं ही नोंद. मजकूर साधारण असा असावा:

'दि. __ रोजी सकाळी __ वाजता __ येथील चेंबरमध्ये दोन कामगार उतरल्याचे निम्नस्वाक्षरीकाराने पाहिले. सन २०१३ च्या अधिनियमाच्या कलम ७ नुसार अशा सफाईस मनाई आहे. तरी (१) असे काम कोठेही सुरू असल्यास तत्काळ थांबवावे, (२) सदर कामास नियमांनुसार लेखी परवानगी दिली असल्यास तिची प्रत मिळावी, (३) त्या दिवसाचे सक्शन-जेटिंग वाहनाचे लॉगबुक सादर करावे. उत्तर तीन दिवसांत अपेक्षित.'

यातला दुसरा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. यंत्र चालूच शकत नाही अशा मोजक्या कामांसाठी नियमांनी वाट ठेवली आहे. त्यांपलीकडे अगदी अटळ म्हणून माणूस उतरवायचा, तर संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने नेमकी कारणं नोंदवून आधी लेखी परवानगी द्यावी लागते, आणि संरक्षक साधनं दोन्ही बाबतींत बंधनकारक आहेत. म्हणजे तुम्ही कुणावर आरोप करत नाही, एका कागदाची प्रत मागता. कागद असेल तर तो समोर येईल. नसेल तर 'नाही' असं कुणालातरी सही करून लिहावं लागेल, आणि पुढच्या वेळी माणूस उतरवताना ती सही त्यांना आठवेल.

संबंधांचं म्हणाल, तर टिपणी जावक करण्याच्या अर्धा तास आधी कार्यकारी अभियंत्यांना त्यांच्या केबिनमध्ये जाऊन भेटा. कागद दाखवा. "हे आज पाठवते आहे, तुमच्याकडे यंत्राची अडचण असेल तर तीही मी यात घालते," असं म्हणा. पुष्कळदा अडचण खरी असते. गल्ली इतकी अरुंद असते की मोठं जेटिंग वाहन आत जात नाही. तसं असेल तर त्यांना लहान यंत्राची मागणी पुढे रेटायला तुमच्या टिपणीचा आधारच मिळेल. आणि वरिष्ठांनी पुन्हा 'कागदावर नको' म्हटलं, तर 'आपण दूरध्वनीवर दिलेल्या सूचनेस अनुसरून' अशी सुरुवात करून त्यांच्याकडूनच ते लेखी मागा. तोंडी आदेश नंतर लेखी करून घेण्याची सोय वर्तणूक नियमांत आहे, त्यात उद्धटपणा काही नाही.

आता अधिकाराचा प्रश्न. तुम्ही न्यूयॉर्कच्या मानवी हक्क आयोगाबद्दल लिहिलं आहे. तो आयोग शहराच्या स्वतःच्या मानवी हक्क कायद्याखाली घरमालकाची, नोकरी देणाऱ्या मालकाची, दुकानदाराची चौकशी करतो आणि दंडही करू शकतो. आपल्याकडे महापालिकेला असा कायदा करण्याची मुभा नाही. आपल्या शहरात भेदभावाविरुद्धचे अधिकार निरनिराळ्या केंद्रीय कायद्यांनी निरनिराळ्या अधिकाऱ्यांना दिलेले आहेत. म्हणून एका आदेशाने तयार झालेल्या कक्षासाठी दंडाचा अधिकार मागत बसलात, तर दोन वर्षं पत्रव्यवहारात जातील. त्याआधी एक विचारते: अधिकार म्हणजे शिक्षा करण्याचा अधिकार, हे तुम्ही गृहीत का धरलंत?

'शाहूंची नगरी' म्हणणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांनी २६ जुलै १९०२ चा तो आदेश शेवटपर्यंत वाचला असता तर बरं झालं असतं. रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांना, हे सगळ्यांच्या तोंडी आहे. पुढची दोन वाक्यं कुणी सांगत नाही. ज्या कचेरीत हे प्रमाण ५० टक्क्यांहून कमी आहे तिथली पुढची नेमणूक त्याच वर्गातून व्हावी, हे एक. आणि या आदेशानंतर झालेल्या सगळ्या नेमणुकांचं तिमाही विवरणपत्र प्रत्येक खातेप्रमुखाने पाठवावं, हे दुसरं. महाराज तेव्हा इंग्लंडला होते. राजाने हुकूम काढला तरी कचेरीत काय घडेल याची त्यांना पुरती कल्पना होती, म्हणून त्यांनी चांगल्या इच्छेवर काही सोडलं नाही. विवरणपत्र मागितलं. 'इथे भेदभाव नाही' असं म्हणणाऱ्यांना तुम्ही वाद न घालता एवढंच सांगा: नसेल तर दर तीन महिन्यांनी तसं आकड्यांत दिसू दे.

तेव्हा तुमचं पहिलं काम म्हणजे आयुक्तांच्या सहीने एक परिपत्रक. त्यात भाषण नको. दोन सेवा निवडा, दोनच. अर्ध्या लिपिकावर दहा सेवा मोजायला गेलात तर एकही धड मोजली जाणार नाही. एक सेवा अशी घ्या की तिची तारीख आधीपासून नोंदली जाते, जसं पाणीपुरवठ्याच्या किंवा बंद दिव्याच्या तक्रारीचं निवारण. दुसरी अशी की तिथे पैसा आहे, जसं दिव्यांग कल्याणाचा ५ टक्के निधी किंवा महिला-बालकल्याणाचा निधी. विवरणपत्रात पाच रकाने पुरेत: वस्ती किंवा गल्ली, तक्रार आल्याची तारीख, काम झाल्याची तारीख, न झाल्यास कारण, खातेप्रमुखाची सही. सहीचा रकाना विसरू नका. लिपिकाने भरलेला तक्ता कुणी वाचत नाही. स्वतःला सही करायची असते तो मात्र माणूस वाचतो.

आकडे आले की सरासरीवर जाऊ नका. एका वस्तीतल्या पाच तक्रारी ३, ४, ५, ५ आणि १८३ दिवसांत मिटल्या असं धरा. सरासरी येते ४० दिवस. खातेप्रमुख म्हणतील, त्या एका केसने आकडा बिघडवला, आणि ते बरोबर असेल. म्हणून चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या, इथे तो ५ आहे. दोन वस्त्यांची तुलना या मधल्या आकड्यांवर करा. मग १८३ दिवसांची ती एक तक्रार वेगळी काढा आणि तिची फाइल पानापानाने वाचा. पद्धत कुठे अडते ते मधल्या आकड्यात दिसतं, माणूस कुठे अडला ते त्या फाइलमध्ये.

आणखी एक चूक हमखास होते. कमी तक्रारी म्हणजे चांगली सेवा, असं अहवालात लिहिलं जातं. ज्या वस्तीतून वर्षभरात एकही तक्रार आली नाही तिथे पाणी नीट येतं असं नाही. तिथले लोक सकाळी सहाला कामाला जातात, ॲपवर मराठी नीट दिसत नाही, आणि मागच्या वेळी नगरसेवकाकडे गेल्यावर काम झालं म्हणून ते आता पालिकेकडे येतच नाहीत. अशा वस्तीत संध्याकाळी सातनंतर जा. समाजमंदिरात किंवा तालमीत बसा. अकरा वाजता कार्यालयात बैठक बोलावलीत तर रोजंदारीवरच्या बाईची हजेरी बुडते, आणि मग तिच्या वतीने बोलणारेच तेवढे येतात. पहिल्या सहा महिन्यांत तुमच्या कक्षाकडच्या तक्रारी वाढल्या तर घाबरू नका. वरिष्ठांना तसं आधीच सांगून ठेवा, नाहीतर वाढलेला आकडा तुमच्याच अंगावर येईल.

तक्रार अर्जावर जात विचारायचा मोह होईल. विचारू नका. खिडकीवर जात विचारली की अर्धे लोक तिथूनच परत फिरतात, आणि जमवलेल्या त्या माहितीची जपणूक करणं तुमच्या एका कपाटाला झेपणार नाही. वस्तीच्या रकान्यातून पुष्कळ काही कळतं. दिव्यांगत्व आणि लिंग यांसाठी वेगळी चिठ्ठी ठेवा, भरायची की नाही हे माणसावर सोडा. नेमणुकांत जातीची मोजणी बिंदुनामावलीत, म्हणजे कोणती जागा कोणत्या आरक्षित वर्गाची हे दाखवणाऱ्या नोंदवहीत, होतेच, आणि ती विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. तिथे तुम्ही फक्त एक पाहा: कायम आस्थापनेची बिंदुनामावली स्वच्छ असेल आणि झाडणं, कचरा उचलणं, ड्रेनेज हे सगळं ठेक्यावर गेलेलं असेल, तर नामावली खरी असूनही चित्र अपुरं राहतं. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी कायम सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीचा हक्क मिळाला. त्याच्या शेजारी तेच काम ठेक्यावर करणाऱ्याला तो नाही. हा फरक तुमच्या अहवालात आकड्यांनिशी यायला हवा.

आता तक्रारींकडे. सात महिन्यांत तुम्ही सगळ्या तक्रारी एकाच आवक वहीत घेतल्यात आणि प्रत्येकीवर स्वतः चौकशी करायला निघालात. इथे तुम्ही दमलात. कक्षाने टपालखान्यासारखं काम करायला हवं: आलेली तक्रार योग्य दारात पोचवायची आणि तिथल्या घड्याळावर लक्ष ठेवायचं. घड्याळं कायद्यांनी आधीच लावून दिली आहेत. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २३ नुसार प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी हवा, तक्रारींची नोंदवही हवी, आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी हवी. समाधान नाही झालं तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं. तृतीयपंथी व्यक्तींच्या २०१९ च्या अधिनियमाखाली तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि नियमांनुसार त्याने १५ दिवसांत चौकशी करायची असते. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समितीकडेच जाते. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार, ९० दिवसांत चौकशी. ठेक्यावरची झाडू कामगार बाईही याच समितीकडे येऊ शकते, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. हजेरी शेडवर समितीतल्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर लावा. मुकादमाच्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावू नका, बायका डबा खातात तिथे लावा.

जातिवाचक शिवीगाळ, पाण्याला मज्जाव, अस्पृश्यता यांची तक्रार आली तर ती चौकशीला घेऊच नका. नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ आणि अत्याचार प्रतिबंधक अधिनियम १९८९ खालचे गुन्हे पोलिसांचे आहेत, १९८९ च्या कायद्याखालचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. तुम्ही आधी 'समेट बैठक' घेतलीत तर चांगल्या मनाने पुरावा बिघडवाल, आणि तक्रारदारावर गावकीचा दबाव यायला वेळ मिळेल. तक्रारदारासोबत कक्षाचा माणूस पोलीस ठाण्यात पाठवा, एफआयआरची प्रत मिळेपर्यंत तो तिथे थांबेल असं पाहा, आणि आपल्या वहीत तारीख नोंदवा.

आणखी एक पथ्य. एखाद्या प्रकरणात ज्या खात्याला तुम्ही सल्ला दिलात, त्याच प्रकरणाची चौकशी तुम्ही करायची नाही. हे आताच लेखी ठरवून घ्या. नाहीतर एखादा रॅम्प तुमच्याच सल्ल्याने झाला, तो चुकला, आणि तक्रार तुमच्याकडेच आली, असं होईल.

रॅम्पचं निघालंच आहे तर थोडं सविस्तर. तुम्ही लिहिलंत की व्हीलचेअरवरच्या एका गृहस्थांनी तक्रार केली आणि अभियंते म्हणाले, "रॅम्प आहे की." टेप घेऊन जा. उतार जास्तीत जास्त १:१२ असावा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दाराशी १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची ४५ सेंटिमीटर, आणि रॅम्प लागेल ५.४ मीटर, सुमारे अठरा फूट. दारासमोर तेवढी जागा नसते म्हणून पाच फुटांतच काँक्रीट ओतलं जातं. उतार १:३ च्या आसपास जातो आणि चढताना खुर्ची मागे उलटते. तो रॅम्प फाइलमध्ये 'काम पूर्ण' म्हणून बसतो. वर गुळगुळीत टाइल, पायथ्याशी दुचाक्या, आणि वरचं दार कडी घालून बंद. सरळ लांबी मिळत नसेल तर मध्ये सपाट टप्पा घेऊन वळवायचा असतो. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, स्वच्छतागृहात खुर्ची वळायला १५०० मिलिमीटरचं वर्तुळ, आणि स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं. आत उघडलं तर खुर्ची आत गेल्यावर ते लावताच येत नाही. तक्रार करणाऱ्या त्या गृहस्थांनाच मोजणीला बोलवा, त्यांच्या वेळेने. अंतिम बिलाच्या तपासणी यादीत 'दिव्यांग व्यक्तीने वापरून पाहिले, दिनांक, सही' अशी एक ओळ घालून घ्या. बिल त्या ओळीवर अडलं की पुढचा रॅम्प बरोबर होईल.

हेच तंत्र ठेक्यांना लावा. समता कक्षाची टिपणी काम झाल्यावर जाते, निविदा त्याआधी निघते. म्हणून निविदेच्या मसुद्यातच अटी हव्यात: मासिक बिलासोबत प्रत्येक कामगाराच्या बँक खात्यात किमान वेतन जमा झाल्याचा पुरावा, भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा यांची चलनं, गणवेश-हातमोजे दिल्याच्या सह्या, हजेरी शेडवर महिलांसाठी कपडे बदलायची बंद खोली आणि पाणी. मूळ मालक, म्हणजे ठेका देणारी संस्था, म्हणून वेतनाची आणि सोयींची अखेरची जबाबदारी पालिकेवरच येते, हे लेखा विभागाला दाखवलंत तर मुख्य लेखाधिकारी तुमच्या बाजूला येतील. लेखापरीक्षणाचा धाक सगळ्यांना असतो. चलनांत एक फसवणूक नेहमीची: चलन भरलेलं असतं, पण दुसऱ्याच साइटच्या कामगारांचं. म्हणून चलनासोबतची नावांची यादी हजेरीशी जुळवायची. दहा नावं उचलून तपासली तरी पुरे.

फेरीवाल्यांबद्दल थोडक्यात. २०१४ च्या कायद्याने सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत हटवता येत नाही, हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते, आणि जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी, इतर माल मागणी केल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचा असतो. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडलेले, आणि त्यांत एक तृतीयांश महिला. अतिक्रमण पथकाच्या गाडीत पावतीपुस्तक असतं का, एवढंच तुम्ही आधी पाहा. पावतीशिवाय उचललेली भाजी परत मागायला बाई कुठे जाणार?

पंचगंगेच्या पुराचं पाणी तुमच्या पत्रात नाही, पण मी ते तुमच्या यादीत घालते. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सुतारवाड्यासारख्या सखल वस्तीतले लोक पूर चढला की हलवावे लागतात. हलवायच्या यादीत घर क्रमांक असतो. उचलून न्यावं लागणारी आजी, ऐकू न येणारा मुलगा, डायलिसिसवरचा माणूस नसतो. मे महिन्यात वस्तीतल्या आशा स्वयंसेविकांना सोबत घेऊन ही यादी करा. कोणत्या घरातून कुणाला, कुठल्या वाहनाने, कुठल्या निवाऱ्यात न्यायचं आणि तिथे कमोड आहे का, एवढं लिहा. एका पानात मावतं. आपत्ती व्यवस्थापन कक्षाला तुमच्या कक्षाचा उपयोग पहिल्यांदा तिथे कळेल, आणि मग इतर बैठकांना बोलावणी येतील.

'तुम्ही आमच्या की त्यांच्या?' हा प्रश्न तुम्हाला बोचला, ते साहजिक आहे. उत्तर खरं द्या: मी संस्थेची नोकर आहे, आणि तुमची तक्रार संस्थेला ऐकावीच लागेल अशी व्यवस्था करणं हे माझं काम आहे. मोर्चात चालणं हे कार्यकर्त्यांचं काम, तुम्ही ते करू शकत नाही आणि करायलाही नको. पण निवेदन घेऊन आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नका. आवक क्रमांक, तारीख आणि सात दिवसांत उत्तर, मग ते उत्तर 'हे आमच्या अखत्यारीत नाही, अमुक कार्यालयात जावे' असं का असेना. लोक नकाराने जेवढे चिडत नाहीत तेवढे वाट पाहून चिडतात. तिमाही विवरणपत्र सूचना फलकावर आणि संकेतस्थळावर लावा. माहितीच्या अधिकाराच्या कलम ४ ने ते स्वतःहून जाहीर करता येतं. मग कृती समितीचे लोक तेच आकडे घेऊन आयुक्तांकडे जातील, आणि तुम्हाला कुणाची बाजू घ्यावी लागणार नाही.

राहिला बदलीचा प्रश्न. झोप उडाली आहे, घरच्यांशी नीट बोलणं होत नाही, असं तुम्ही लिहिलंत. ते हलक्यात घेऊ नका, आणि बदली मागणं म्हणजे पळून जाणं असंही मानू नका. माझं म्हणणं एवढंच की आज मागू नका. टिपणी पाठवा, परिपत्रकाचा मसुदा सादर करा, पूर्णवेळ लिपिक आणि एक लेखाशीर्ष लेखी मागा. अंदाजपत्रकाच्या मागण्या विभागांकडून हिवाळ्यात घेतल्या जातात, त्याआधी तुमचा प्रस्ताव पोचला पाहिजे. फेब्रुवारीत धावपळ करून काही होत नाही. दोन तिमाही विवरणपत्रं येऊ द्या. तरीही सही करायला कुणी तयार नसेल आणि तब्येत ढासळत असेल, तर खुशाल बदली घ्या. फक्त जाताना पदभार हस्तांतरण यादीत तीन गोष्टी अनुक्रमांकासह घाला: तक्रार नोंदवही, विवरणपत्रांची फाइल, आणि चेंबरची ती टिपणी तिच्या जावक क्रमांकासह. नव्या अधिकाऱ्याची यादीवर सही घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.